पुसलेली वायर

फोटोतून वायर पुसली म्हणजे ती मशीनला जोडली जाते का? प्रश्न वेडगळ वाटेल. चाकणच्या एका शेडमध्ये मात्र याचं उत्तर 'हो' असं धरलं जातंय, आणि ते माझ्या थोरल्या भावाला भोगावं लागतंय.

भाऊ तिथे पत्र्याला दाबून आकार देणाऱ्या पॉवर प्रेसवर कंत्राटी कामगार. हात आत गेला की प्रेस थांबवणारा एक सेन्सर असतो. त्याने काम संथ होतं, म्हणून सुपरवायझरने त्याची वायर काढून बाजूला सोडली होती. खंडेनवमीला सगळ्यांनी मशीन पुसून झेंडूचे हार घातले. फोन गेटवरच जमा होतात, म्हणून मालकाने पुनावळ्याहून लग्नाचे फोटो काढणारा बोलावला. भाऊ आपल्या प्रेसशेजारी हात जोडून उभा राहिला. वायर त्याच्या कोपराजवळ लोंबत होती.

दिवाळीनंतर त्याच प्रेसने त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं नेली. कंपनी म्हणते, सेन्सर चालू होता, त्या दिवशी यानेच काढला. म्हणजे भरपाई नाहीच, वर हलगर्जीपणाचा ठपका.

वडील कंपन्यांच्या गेटवर कामगारांच्या हक्कांची पत्रकं वाटायचे, आता मी वाटतो. आरोप करायचा तर पुरावा हातात हवा, हे मी त्या पत्रकांतून शिकलो. म्हणून स्टुडिओ गाठला. स्क्रीनवर फोटो उघडला. हार पेटल्यासारखे केशरी, भावाचा चेहरा उगाच गोरा, प्रेस कालच आणल्यासारखी. वायर नव्हती.

"लोंबत व्हती, घाण दिसत व्हती. साफ केली राव," फोटोग्राफर म्हणाला. "त्याचं वेगळं काय घेतलं न्हाई."

मी मूळ रॉ फाइल मागितली. कॅमेऱ्याने जे टिपलं ते सगळं तिच्यात असतं. एडिटिंग कितीही करा, ती तशीच राहते, बदल वेगळे साठवले जातात. तिच्यात ती वायर अजूनही लोंबत असती.

"अल्बम गेला की रॉ उडवतो आमी. लगीनसराईत जागा कुठं पुरती? तुमी पत्रकवाले, हाराच्या फोटोतबी भांडण हुडकता."

कॅमेऱ्याच्या कार्डावरही तोवर दुसरी लग्नं चढली होती.

या माणसाला कुणी फितवलं नव्हतं, याचाच मला जास्त संताप येतो. नवरीचा तीळ, मांडवाची फाटकी कनात, सेन्सरची सुटलेली वायर, सगळं एकाच ब्रशने पुसायचं आणि फक्त सजवलेली जेपीजी ठेवायची. ही सवय म्हणे कामातली सफाई! तो फोटो आता कंपनीच्या ऑफिसात लावलाय. चौकशीला आलेल्या साहेबांना दाखवतात, बघा, मशीन किती नीट ठेवतो. त्यात माझा भाऊ दहाही बोटांनी हात जोडून उभा आहे.

तुमच्या शेडमध्ये कुणी कॅमेरा घेऊन आला, तर अल्बमची वाट पाहू नका. त्याच दिवशी पेन ड्राइव्ह घेऊन त्याच्यासमोर बसा, रॉ फाइल मागून घ्या आणि ती कंपनीबाहेर, आपल्या घरी ठेवा.