उभ्याने घेतलेला फोन

आप्पा गेल्याचं मला मांजरसुंब्याच्या फाट्यावर, एसटीची वाट पाहताना कळलं. पहिली आठवली ती त्यांची एकुलती लेक, सुनंदाताई... अमेरिकेतून ती येऊ शकणार नव्हती.

अंबाजोगाईला कॉलेजात असताना मी आप्पांच्या किराणा दुकानामागच्या खोलीत राहायचो. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. ती पदवी आप्पांच्या बायकोच्या, काकूंच्या भाकरीवर उभी आहे. संगणकवाल्या नवऱ्याबरोबर ताई परदेशी गेली तेव्हा आप्पांनी गल्लीभर पेढे वाटले होते. पुढे तो तिला मारू लागला. एकदा तिने तिथल्या पोलिसांना बोलावलं आणि मग रडत इकडे फोन केला. आप्पा घाबरले. "पाय घसरला म्हण. जावयाचं नाव पोलिसात नको." ती तसंच बोलली.

मार थांबला नाही. शेवटी तिने पोलिसांना सगळं सांगितलं आणि लेकीला घेऊन वेगळी राहिली. पण तिचा व्हिसा नवऱ्याच्या नोकरीवर होता. तो संपला की तिला परतावं लागणार, तिथेच जन्मलेली लेक मात्र बापाकडे राहणार. अशा मार खाल्लेल्या बाईला वेगळा व्हिसा देऊन राहू देणारा कायदा तिकडे होता. मात्र हिने तपासाला मदत केली, अशी पोलिसांची सही हवी होती. अधिकारी विचारत होता, आधी खोटं का बोललीस?

आप्पांना गल्ल्यावर बसवेना. रस्त्यापर्यंत जायचे, परत यायचे. तोवर मी शिक्षक झालो होतो. मला म्हणाले, "मास्तर, आपल्या आमदाराची चिठ्ठी धाडावी का तिकडल्या फौजदाराला?" तेवढ्यात तिचाच फोन आला. त्यांनी तिलाही तेच विचारलं. ताई एवढ्या मोठ्याने हसली की मलाही ऐकू आलं.

"आप्पा, त्यो काय बीडचा फौजदार हाय? हितं चिठ्ठी चालत न्हाई."

"मग काय चालतंय?"

"खरं."

आप्पा स्टुलावरून उठले, टोपी सारखी केली. "मग सांग त्याला, बापानं खोटं बोलाया लावलं. माजं नाव सांग, समदं." दुकानात गिऱ्हाइकं होती. त्यांनी आवाज खाली केला नाही.

तेव्हापासून तिचा फोन ते उभ्यानेच घेत. खूप दिवसांनी सही मिळाली. पण तो नवा व्हिसा हाती येण्याआधी देश सोडला तर परत जाणं कठीण होतं. अंथरुणाला खिळल्यावरही ते म्हणत, "यिऊ नको. पोरीपाशी ऱ्हा."

आप्पांच्या समाजात गेलेल्या माणसाला जाळत नाहीत, बसवून समाधी देतात. इतके स्वस्थ बसलेले आप्पा मी कितीतरी दिवसांनी पाहिले.

परवा दुकानात गेलो होतो. फोन वाजला. स्टूल जवळच होतं. काकूंनी ते पायाने बाजूला सारलं, पदर सावरला आणि उभ्यानेच म्हणाल्या, "बोल गं."