इस्त्रीचा गुलाब

माझ्या मावशीच्या चित्रांतली फुलं कधी कोमेजत नाहीत, असं लोक कौतुकाने म्हणतात. कौतुक बाजूला ठेवलं तरी ते खरं आहे, कारण ती फुलं प्लास्टिकची आहेत.

यात तिने कुणाला फसवलं असं मी म्हणणार नाही. तेलरंगाचा एक थर वाळायला चार-पाच दिवस लागतात, आणि मावशीच्या चित्रात थरांवर थर असतात. खरा गुलाब कुणासाठी एवढा थांबत नाही. सुरुवातीला तिने खरी फुलं आणून पाहिली, पण चित्र पाकळ्यांपर्यंत पोचायच्या आत पाकळ्या टेबलावर पोचायच्या. मग तिने प्लास्टिकचे गुलाब आणले. पुढे कुणी विचारलं, "इतकी सुंदर फुलं आणता कुठून हो?" तर ती सांगायची, "बाजारातून." एवढ्यावर विचारणाऱ्याचं समाधान व्हायचं, आणि मावशीला खोटं बोलावं लागायचं नाही.

ही फुलं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात राहतात. रविवारी सकाळी मावशी त्यांना साबणाच्या पाण्यात बुचकळायची, आणि चिमटे लावून दोरीवर वाळत घालायची. एका बाजूला काकांचे बनियन, दुसऱ्या बाजूला उलटे टांगलेले गुलाब.

त्यांतला एक गुलाब खास आहे. फार वर्षांपूर्वी मावशी काकांचा शर्ट इस्त्री करत होती. गुलाब टेबलावरच होता. इस्त्री त्याला जराशी टेकली, आणि बाहेरची एक पाकळी वितळून आत मुरडली. मावशीने स्वतःलाच चार शब्द सुनावले आणि तसाच गुलाब रंगवला. त्या वर्षीच्या प्रदर्शनात ते चित्र सगळ्यांत आधी विकलं गेलं. तेव्हापासून तिच्या प्रत्येक चित्रात एक तरी मुरडलेली पाकळी असते. तिची चित्रं विकणारे फ्रेमवाले, ज्यांना काकांनी 'चौकटराव' असं नाव ठेवलंय, ते म्हणतात, "गिऱ्हाईक सही बघत नाही, ताई. पाकळी बघतं." एकदा प्रदर्शनाच्या पत्रकात कुणीतरी छापलं होतं की या पाकळीत विरहाची वेदना आहे. काकांनी चष्मा वर करून ते मोठ्याने वाचलं आणि म्हणाले, "विरह कसला! माझा शर्ट होता."

हे सगळं असंच चाललं असतं, पण मावशीला खोकला झाला.

सर्दीचा असेल म्हणून आधी कुणी मनावर घेतलं नाही. मग तो मागच्या खोलीत, म्हणजे तिच्या कामाच्या खोलीत, जास्त यायला लागला आणि ती बाहेर आली की कमी व्हायचा. मी तिला छातीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्यांच्या बाहेरच्या खोलीत समोरच मावशीचं चित्र लावलेलं. बाकांवर बसलेले सगळे त्या गुलाबांकडे बघत खोकत होते. मावशीही आपल्याच गुलाबांकडे बघत खोकली.

"घरात काय वापरता?" डॉक्टरांनी विचारलं.

"टर्पेंटाइन. रंग पातळ करायला, ब्रश धुवायला."

"किती वर्षं?"

"लग्नाच्या आधीपासून."

"निदान खिडकी तरी उघडी ठेवता ना?"

"छे हो. फुलांवर धूळ बसते."

डॉक्टर गहिवरले. "किती जपता हो फुलांना!" ते म्हणाले, आणि त्याच प्रेमाने त्यांनी निकाल दिला. "टर्पेंटाइन आजपासून बंद. तेलरंग बंद."

"म्हणजे चित्रं बंद?"

"दुसऱ्या रंगात काढा. नाही जमलं तर मात्र हो, बंद. फुप्फुसं दुसरी मिळत नाहीत." मग कागदावर औषध लिहिता लिहिता त्यांना आठवलं. "आणि बरं का, माझा नवा दवाखाना होतोय. दर्शनी भिंतीला तुमचंच मोठं चित्र हवंय मला. तुमच्या फुलांकडे बघितलं की माणसाला कसा मोकळा श्वास घेता येतो."

घरी आलो तर काकांच्या हातात टेप. ते मागच्या खोलीची रुंदी मोजत होते.

"हे काय चाललंय?" मावशीने विचारलं.

"काही नाही गं. नुसतं बघतोय. खोली रिकामी झालीच, तर इथे एक पलंग बसेल. दुपारचा आराम करायला बरं."

"आराम तुम्ही पुढच्या खोलीत करताच आहात. तो तिथेच पुरा होऊ दे."

काकांनी टेप गुंडाळली, पण खिशात घातली, कपाटात ठेवली नाही. मावशीने ते बघितलं. त्या रात्री ती कमी जेवली. चित्र थांबलं तर आपण या घरात नक्की काय करायचं, हा प्रश्न तिने कुणाला विचारला नाही, मला फक्त एवढंच म्हणाली, "तू रंगाच्या कारखान्यात आहेस ना? मग आण काहीतरी."

मी भिंतींच्या रंगाच्या कारखान्यात तपासणी विभागात काम करतो. भिंत आणि गुलाब यांत फरक असतो हे मला मान्य आहे, पण रसायन मला कळतं. मी तिला अॅक्रिलिक रंगाच्या ट्यूब आणून दिल्या आणि मोठ्या उत्साहाने गुण सांगितले: पाण्यात मिसळतो, वास नाही, दहा मिनिटांत वाळतो.

"दहा मिनिटांत? मला एवढी घाई कुठे आहे?"

पहिल्याच दिवशी तिचा लाडका ब्रश गेला. दाराची बेल वाजली, ती रंगाचा ब्रश तसाच ठेवून उठली, शेजारणीशी दोन शब्द बोलली, आणि परत येऊन बघते तर ब्रशचा खिळा झालेला. तेलरंगात पाकळीची कडा ओली असताना तिच्यावरून कोरडा ब्रश हलकेच फिरवायचा, की ती हवेत विरघळल्यासारखी होते, ही तिची सगळी विद्या. इथे ब्रश फिरवेपर्यंत कडा वाळलेली. पॅलेटवरचे रंगही वाळायचे. मग मी तिला ओलं फडकं, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग, अशी रचना करून दिली, आणि पाणी उडवायला इस्त्रीच्या कपड्यांवर मारतात तसली फवाऱ्याची बाटली.

"आता रंगाला पाणीही मीच पाजू?" ती म्हणाली, पण पाजलं.

तरी एक तक्रार उरलीच. सकाळी लावलेला फिका गुलाबी दुपारी काळवंडलेला दिसायचा. मी समजावून सांगितलं, की या रंगातला चिकटणारा भाग ओला असताना दुधासारखा पांढरा असतो आणि वाळला की काचेसारखा पारदर्शक होतो, त्यामुळे रंग गडद दिसतो.

"म्हणजे समोर एक आणि पाठ फिरली की दुसरा. असल्या माणसांशी मी बोलणं सोडलंय, आणि तू मला घरात असला रंग आणून दिलास."

पण ती सोडणाऱ्यातली नाही. चार-सहा कॅनव्हास वाया गेल्यावर एके दिवशी ब्रश हातात धरून ती एकदम थांबली.

"काय रे, दहा मिनिटांत वाळतो ना हा? मग मी खरी फुलं का आणत नाही?"

सुरुवातीचा तो प्रयत्न फसल्यापासून तिने हा विचारच केला नव्हता. डोळे असे चमकले, की मला वाटलं आता काकांचा पलंग बारगळला. ती स्वतः चौकातल्या फुलवालीकडे गेली आणि तीन कळ्या, अगदी निरखून, काट्यांसकट घेऊन आली. काचेच्या पेल्यात ठेवल्या. खिडकी उघडली, कारण खऱ्या फुलांवरची धूळ साबणाने धुवायची नसते. डब्यातली मंडळी डब्यात राहिली.

दुसऱ्या दिवशी ती त्यांतला एक गुलाब हातात धरून फुलवालीसमोर उभी होती. मी बरोबर होतो म्हणून सांगतो.

"हे बघा. हे काय दिलंत मला?"

"काय झालं, ताई?"

"हे उमललं."

फुलवालीने गुलाबाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत मावशीकडे. "फूल आहे ते, ताई."

"अहो, सकाळी मी कळी काढली. पानं काढून होईपर्यंत निम्मं उघडलं. जेवून आले तर खिडकीकडे मान वळवून बसलेलं! मी एका गुलाबाचे तीन गुलाब करून बसलेय."

"मग तुमचाच फायदा की!"

"न हलणारं नाही का एखादं?"

"न हलणारं पलीकडच्या गल्लीत. प्लास्टिकवाल्याकडे." फुलवालीने सहज सांगितलं. मावशीने गुलाब पिशवीत टाकला आणि घरचा रस्ता धरला.

तरी तिने ते चित्र पुरं केलं. रोज नवी कळी, रोज सकाळचं ऊन असेपर्यंत काम, आणि फूल हललं की ती त्याच्यामागे मान हलवायची. तासन् तास ती त्या गुलाबांशी भांडत होती, आणि गंमत म्हणजे खोकला निम्म्यावर आला होता. चित्र मला आवडलं. गुलाब उघडण्याच्या बेतात होते, जसे ते खरोखर असतात.

आम्ही ते चौकटरावांच्या दुकानात नेलं. डॉक्टर त्यांच्या भिंतीसाठी बघायला येणार होते. चौकटरावांनी ते मावशीच्या एका जुन्या तेलचित्राशेजारी टेकवून ठेवलं, दोन पावलं मागे गेले आणि सगळ्यांत आधी म्हणाले, "पाकळी कुठेय, ताई?"

"खऱ्या गुलाबाला ती नसते."

"नसते म्हणजे? कायमची असायची की."

डॉक्टर आले. त्यांनी एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. माणूस प्रामाणिक होता, हा त्याचा दोषच.

"राग मानू नका," जुन्या चित्राकडे बोट दाखवत ते म्हणाले, "पण हे बघा, हे कसे आत्ता तोडून आणल्यासारखे. आणि हे नवे... कसं सांगू... जरा प्लास्टिकचे वाटतात."

चौकटरावांनी मान हलवली. डॉक्टर गेल्यावर ते मावशीला समजुतीने म्हणाले, "ताई, दवाखाना उघडायच्या आत आणखी एक काढून बघा. ते नाही जमलं तर त्या भिंतीला दुसऱ्या कुणाचं तरी द्यावं लागेल. आणि गिऱ्हाईक एकदा दुसऱ्याचं टांगायला लागलं, की मग..." पुढचं त्यांनी सांगितलं नाही. पुढे काकांचा पलंग होता.

परत येताना मला राहवलं नाही.

"मावशी, एका अर्थी डॉक्टरांचं बरोबर आहे. अॅक्रिलिक म्हणजे प्लास्टिकच. त्याचाच एक प्रकार. मी ज्याला दूध म्हणालो ना, ते वाळलं की प्लास्टिक होतं."

ती रस्त्याच्या मधोमध थांबली. "म्हणजे जन्मभर मी खऱ्या रंगात प्लास्टिकची फुलं काढली, ती ताजी. आणि आता खरी फुलं प्लास्टिकच्या रंगात काढली, तर ती प्लास्टिकची?"

"हो."

"आणि हे तू मला आत्ता सांगतोस?"

मग ती हसायला लागली. इतकी हसली की खोकला आला, आणि मागून स्कूटरवाला हॉर्न वाजवत राहिला.

पुढचे दोन दिवस तिने ब्रशला हात लावला नाही. काकांनीही टेपला लावला नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. उलट चहा करून दिला, आणि साखर घालायला विसरले. तिसऱ्या दिवशी ती पेला धुवायला म्हणून मागच्या खोलीत गेली. पेल्यातले गुलाब माना टाकून बसले होते. पाकळ्यांच्या कडा तपकिरी, एक पाकळी टेबलावर. मावशी बराच वेळ बघत उभी राहिली. मग मला हाक मारली.

"हे बघ. हलत नाहीत आता."

कालचा गुलाब, तिच्या लक्षात आलं, चांगलं मॉडेल असतो. त्याला कुठे जायचं नसतं, उमलायचं नसतं. आणि जे काही थोडं गळतं, ते हा उतावळा रंग गळायच्या आत पकडू शकतो. तिने दोन कोमेजलेले गुलाब तसेच ठेवले. मग बिस्किटांचा डबा काढला, त्यातून इस्त्रीचा गुलाब उचलला, फुंकर मारली, आणि दोघांच्या मधोमध खोचला.

या वेळी ती कडा विरघळवत बसली नाही. पातळ रंगाचे थर एकावर एक देत गेली, जसे ते वाळत गेले तसे. कोमेजलेल्या पाकळ्यांवरच्या कागदासारख्या सुरकुत्या या रंगात अशा उमटल्या, जशा तेलरंगात तिला कधी जमल्या नसत्या. मधल्या गुलाबाचा तर तिला जन्माचा सराव. तो ती डोळे मिटूनही काढील.

डॉक्टर पुन्हा दुकानात आले. चित्रासमोर उभे राहिले, चष्मा पुसला, जवळ गेले.

"वा! हा बघा!" त्यांचं बोट मधल्या गुलाबावर होतं, मुरडलेल्या पाकळीवर. "याला म्हणतात ताजं फूल. दव पडायचं बाकी आहे नुसतं. आणि याच्या बाजूला ही दोन..." ते हसले. "ही मुद्दाम कागदाची ठेवलीत ना? खरं आणि नकली शेजारी शेजारी. कमाल केलीत!"

मी मावशीकडे बघितलं. चौकटरावांनीही बघितलं. ती पदराच्या टोकाने हाताला लागलेला रंग खरवडत होती.

"हो," ती म्हणाली. "तसंच आहे."

"बघा, टर्पेंटाइन सोडल्याबरोबर हात कसा मोकळा झाला!" डॉक्टर चौकटरावांना म्हणाले.

काकांचा पलंग शेवटी पुढच्या खोलीतच आला, खिडकीखाली, आणि त्यावर ते इतके खूश आहेत की मागची खोली मोजल्याचं त्यांना आठवतही नाही. चौकटराव आता "तसलंच, एक ताजं आणि दोन कागदाची" मागतात. परवा मी मावशीबरोबर पुन्हा फुलवालीकडे गेलो. फुलवालीने तिला बघितल्याबरोबर सगळ्यांत घट्ट कळ्या पुढे केल्या.

"या घ्या, ताई. या हलणार नाहीत, निदान आजच्या दिवस."

"नकोत. कालचे आहेत का?"

"कालचे? ताजे नकोत?"

"ताजा आहे माझ्याकडे घरी," मावशी म्हणाली, आणि माना टाकलेले दोन गुलाब निवडून घेतले.