निंबा नानाच्या गाडीचा लिलाव

निंबा पाटील हा माणूस मुळातच घाबरट. गाडी उभी केली की हँडब्रेक ओढायचा, गिअरमध्ये टाकायची आणि वर मागच्या चाकाला दगड लावायचा, तोही सपाट जमिनीवर. चाळीसगाव-धुळे रस्त्याच्या आठवडी बाजारांत त्याची पिकअप अकरा वर्षं फिरते आहे. मिरचीवाल्या, बांगडीवाल्या, भांडीवाले, सगळ्यांचा माल सकाळी भरायचा, बाजारात उतरवायचा आणि उन्हं कलली की उरलेला परत न्यायचा. बाजारकरू त्याला नाना म्हणतात आणि त्या दगडावरून त्याची यथेच्छ थट्टाही करतात. इतका जपून राहणारा माणूस फोनवरच्या भामट्यांच्या तावडीत सापडला कसा, हे लोक अजून विचारतात.

त्याचं कारण बैलबाजारात आहे. निंबाचे वडील अभिमन आबा दरवर्षी आपली जोडी धुळ्याच्या बाजारात नेऊन उभी करायचे. विकायची मुळीच नसायची. रुमालाखाली हात घालून दलालांची बोटं चाचपायची, आपल्या बैलांना काय मोल येतं ते मनात ठेवायचं आणि संध्याकाळी जोडी घरी आणायची. याला भाव काढणं म्हणत. त्यात कुणाचं नुकसान नव्हतं आणि कुणी रागावतही नसे.

तेच वळण निंबाला लागलं. उन्हाळ्यात मोबाइलवर जुन्या गाड्यांच्या लिलावाचं एक पान त्याला दिसलं. ‘आपल्या गाडीची किंमत फुकट जाणून घ्या’ असं वर लिहिलेलं. निंबाने चारी बाजूंनी फोटो काढले, इंजिन सुरू करून व्हिडिओ घेतला, माती पुसून चेसिस नंबरचा फोटो घेतला आणि आरसी बुकाच्या दोन्ही बाजूही पाठवून दिल्या. उत्तर आलं, साडेतीन लाख. गडी खूश! बायकोला, सुनंदाबाईला, दोनदा सांगितलं आणि विसरून गेला. बैल बाजारातून परत आणता येतात, फोटो आणता येत नाहीत, हे त्याच्या डोक्यात कुठून येणार?

पोळा झाल्यावरच्या एका बाजारात तो पोती उतरवत होता. एक चाळिशीचा माणूस हातातला मोबाइल गाडीशी ताडून बघत तिच्याभोवती फिरू लागला. बरोबर त्याची बायको होती आणि किल्ल्यांचा जुडगा घेतलेला एक कारागीर. माणसाचं नाव गिरधर, बायकोचं सारिका. मूळचे शिरपूरकडचे, पण पंधरा वर्षं सुरतेत लूमवर.

“चावी दी द्या, भाऊ,” गिरधर म्हणाला. “हाई गाडी आमनी शे. लिलावमा लिधी आम्ही.”

“कसाना लिलाव? मी गाडी इकेलच नही!”

गिरधरने छापील कागद पुढे केला. त्यावर निंबाच्या गाडीचा फोटो होता, निंबाचं नाव होतं, गावाचा पत्ता होता आणि खाली गोल शिक्का. मालकाने बँकेचे हप्ते बुडवले आहेत, सबब जप्त गाडीचा लिलाव केला आहे. मालक कांगावा करील, त्याला आगाऊ कळवू नये, गाडी या बाजारात उभी असते तिथे दुसरी किल्ली करून गाडी ताब्यात घ्यावी. निंबाने ते दोनदा वाचलं. बुडव्या म्हणून कागदावर आपलंच नाव बघायची वेळ देवाने वैऱ्यावरही आणू नये.

एव्हाना गर्दी जमली होती. “नाना, बँकना हप्ता थकनात का?” भांडीवाल्याने विचारलं. चौकशी आपुलकीची होती, पण अकरा वर्षं ज्याच्या ताब्यात अख्खा बाजार माल सोडून देतो, त्याला तो प्रश्न झोंबला. कारागीर तर दाराच्या कुलपाशी जाऊन वाकलाही होता. निंबाने डॅशबोर्डच्या कप्प्यातून आरसी बुक काढलं आणि समोर दिसली ती सारिका, म्हणून तिच्याच हातात दिलं.

तिने ते सावकाश वाचलं. मग म्हणाली, “यानावर बँकनं नावच नही.”

गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं नाव त्या बुकात चढतं. निंबाचं कर्ज कधीच फिटलं होतं आणि आरटीओत खेटे घालून त्याने ते नाव उतरवूनही घेतलं होतं. ज्या गाडीवर बँकेचा बोजा नाही, ती बँक जप्त कशी करणार आणि लिलावात काढणार कशी? याच बुकाचे लिलाववाल्यांनी पाठवलेले फोटो गिरधरच्या मोबाइलमध्ये महिनाभर पडून होते. लोक गिरधरला विचारू लागले. पैसे भरण्याआधी गाडी दाखवली का? नाही. पैसे बँकेच्या खात्यात गेले का? नाही, कुणा बाईच्या नावावर. घाई केली का? तासाभरात भरा, मागे चार गिऱ्हाइकं उभी आहेत, असं फोनवरचा हिंदीत बजावत होता. धोक्याची प्रत्येक खूण समोर असताना हा शहाणा ऐपतीबाहेरचे सव्वा लाख भरून मोकळा झाला.

“फोटोमा काचवर आपली खान्देशनी कानबाई मातानं नाव दिसनं,” गिरधर खालमानेने म्हणाला. “आपलाच मानूस शे, आसं वाटनं.”

तो गाडीच्या पुढ्यातच खाली बसला. भर बाजारात पुरुषमाणूस ओक्साबोक्शी रडताना बघून निंबाला त्याचा राग येईना. दोघे मिळून पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या हवालदाराने तक्रार लिहून घेतली, सायबर फसवणुकीच्या एकोणीसशे तीस नंबरला फोन लावून दिला आणि पान बंद व्हायला वेळ लागेल असं सांगितलं. गिरधर-सारिका सुरतेला परतले. निंबाने घरी येऊन पान उघडलं, तर त्याच्याच पिकअपवर नव्याने बोली चालू होती आणि खाली लिहिलं होतं, एकतीस जण पाहत आहेत.

तेव्हापासून त्याला अन्न गोड लागेना. रस्त्यात मागे गाडी आली की ती पुढे जाईपर्यंत त्याचा जीव खालीवर व्हायचा. चार दिवसांनी त्याच लिलावात पैसे भरून बसलेले वरणगावकडचे दोघे भाऊ तो नसताना घरी येऊन थडकले, फाटक हलवून हलवून शिव्या देऊन गेले. सुनंदाबाई दार लावून आत बसून होती. गाडी गेली असती तर बाजार गेला असता, आणि गाडी राहूनही बाजारात त्याची गणना बुडव्यांत होऊ लागली होती. मिरचीवाल्या बायकांनी दुसरा टेम्पो बघायला सुरुवात केल्याचं त्याच्या कानावर आलं.

मग निंबाने जे केलं त्याला काय म्हणावं! पानावरच्या नंबरला त्याने लिहिलं, गाडी माझी आहे, कृपा करून काढून टाका. उत्तर आलं, पाच हजार टोकन भरा, गाडी तुमच्या नावावर राखून ठेवतो, मग कुणी येणार नाही.

“त्या चोरसलेच पैसा देतस?” सुनंदाबाई किंचाळलीच.

“दारशी मानसं येवाले नको,” एवढंच तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी बाजारात माल उतरवून झाल्यावर त्याने स्वतःचीच गाडी विकत घेण्यासाठी पैसे पाठवले.

दहा मिनिटांत फोन आला. आवाज शांत होता आणि हिंदीचा मागमूस नव्हता.

“पैसा पोचनात, नाना. आते काळजी करू नका.” मग त्याने विचारलं, “आज गाडी ऊनमा कसाले लाई?”

फोन बंद झाला. रोजच्या लिंबाखाली दुसरा टेम्पो लागला होता, म्हणून निंबाने आज गाडी उन्हात लावली होती. हे बाजारात उभ्या असलेल्यालाच दिसणार. त्याने मान वर करून पाहिलं. भांडीवाला, गुळवाला, पानवाला, कितीतरी जणांच्या हातात फोन होते, आणि बहुतेक सगळ्यांना तो नावाने ओळखत होता.

“नाना, च्या लेतस का?” मागून कुणीतरी हाक मारली.

आवाज ओळखीचा होता. फोनवरचाही ओळखीचाच वाटला होता. निंबाला मागे वळून बघायचा धीर होईना.