सुभेदारांच्या घडीवरचा घाव

आता काय सांगू तुम्हाला, काम बिघडवून शिव्या खाल्लेले कारागीर तुम्ही पुष्कळ पाहिले असतील. मी काम चांगलं केलं म्हणून तुरुंगाच्या दारापर्यंत जाऊन आलोय!

मिल बंद पडली, तेव्हाची गोष्ट. तिथल्या वर्कशॉपात जन्मभर लोखंड घासलं होतं. म्हटलं, आता घड्याळं घासू. जुनी इंदूर मोहल्ल्यात टपरीएवढं दुकान घेतलं, बफिंगची मोटर बसवली आणि मनगटी घड्याळांच्या केसेस चमकवायला लागलो. आतलं यंत्र आपलं नव्हे, बाहेरचं कवच आपलं.

पहिलं बडं गिऱ्हाईक म्हणजे महूच्या छावणीतले रिटायर सुभेदार. मिशा अशा, की मीच उठून उभा राहिलो.

"भिया, घडी एकदम चकाचक पायजे. पुतणीच्या लग्नात घालायची आहे."

घड्याळ कसलं, नुसते ओरखडे! चारच्या आकड्याच्या बाजूला तर खोल घाव. मी जीव ओतला. शेवटी त्यात तोंड पाहून भांग पाडला, खोटं नाही सांगत.

सुभेदार न्यायला आले. उलटसुलट करून पाहिलं. मिशा थरथरल्या.

"ही माझी घडी नाही."

"साहेब, तुमचीच आहे!"

"माझ्या घडीवर फौजेतल्या जीपचा घाव होता. तो कुठाय?"

"मी काढला ना!"

"सबूत?"

आता सबूत कुठून आणू? तो मीच घासून टाकलेला! मागचं झाकण उघडून दाखवलं, तर म्हणाले, "आत मी कधी पाहिलंय? आणि असल्या पांढऱ्या डायली बाजारात ढिगानं पडल्यात. उद्या माझी घडी दे, नाहीतर थान्यात चल."

 सगळी गल्ली ऐकत होती. मिल गेली तेव्हा नुसती नोकरी गेली होती. चोर म्हणून नाव झालं, तर माझ्या हातात घड्याळ कोण देणार? रात्री कुत्रं भुंकलं तरी वाटे, आले पोलीस!

आणि घाबरलेल्या माणसाचं डोकं कसं चालतं बघा. सकाळी उठून मी कानस हातात घेतली.

बायको ओरडली, "अहो, येड लागलं का? चमकलेली घडी खरवडताय?"

"चूप बस, सबूत बनवतोय!"

एकेक ओरखडा मेहनतीनं घासून काढलेला, त्यामुळे सगळे तोंडपाठ होते. चारजवळचा घाव तर मूळच्यापेक्षा सरस उतरला.

सुभेदार आले.  त्यांनी घावावर अंगठा फिरवला आणि त्यांचे डोळे भरून आले.

"हीच! हीच माझी घडी!"

मी हुश्श करतोय, तेवढ्यात मिशा पुन्हा थरथरल्या.

"पण भिया, पॉलिश तर केलंच नाहीस!"

 ते स्टूल ओढून समोरच बसले. "आता कर. मी इथून हलणार नाही."

मी सगळं पुन्हा घासलं. सुभेदारांची नजर घड्याळावरून एकदाही ढळली नाही. झाल्यावर त्यांनी त्यात मिशा पाहिल्या, पीळ दिला आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

"बघ, येतं की तुला! पहिल्यांदाच असं केलं असतंस, तर दुसऱ्याची घडी माझ्या गळ्यात मारायची पाळी कशाला आली असती?"

मी मान खाली घातली आणि म्हणालो, "चुकलं, साहेब."