पोटाने ढकलणारे सारंगकाका

सारंगकाकांनी कधी कुणाला हाताने ढकललं नाही. ते पोटाने ढकलत. नौदलाच्या टगबोटीवर सारंग, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, म्हणून उभी हयात गेलेली. गार्डन रीचच्या गोदीत युद्धनौका आली की तिला नाकाने रेटायचं, नाहीतर दोराने ओढायचं, हा त्या बोटीचा धंदा, आणि घरी आल्यावर काकांचाही. पूजेच्या गर्दीत ते काकूंना मागून असे रेटत की काकू ओरडत, "अहो, मी काय युद्धनौका आहे?"

"युद्धनौका सांगितलेलं ऐकते," काका म्हणत.

बँकेच्या बदलीने आम्ही बेहाला या बंगाली वस्तीत त्यांच्या शेजारी आलो, त्या दिवशी सामानाचा टेम्पो गल्लीच्या तोंडाशी बंद पडला. काकांना कोण आनंद! पिशवीतून दोर निघाला. तो ते लग्नालाही नेत. तेल संपलंय, बाटलीभर आणतो, असं ड्रायव्हर कळवळून सांगत होता. काकांनी दोन रिक्षा जुंपून टेम्पो ओढला, तो आमच्या दारावरून पुढे पार कोपऱ्यापर्यंत. "एकदा वेग धरला की मध्येच थांबवायचं नसतं," म्हणाले. सामान आम्ही उलटं वाहून आणलं.

काका निवृत्त झाल्यावरही बोट चालत होती. मग तिचंही इंजिन खलास झालं. नवी टग तिला ओढून भंगारात नेणार, हे कळल्यावर काकांना घास गिळवेना. "जन्मभर जिने ओढलं, तिला दोर बांधून नेणार? चार लोकांत?" निदान तात्पुरती डागडुजी करून नदीच्या घाटासमोरून तरी ती स्वतःच्या इंजिनावर जाऊ दे, म्हणून ते कचेरीत हातापाया पडले. साहेबांनी चहा पाजून परत पाठवलं.

त्या सकाळी आम्ही तीन-चार मराठी घरं हार घेऊन घाटावर उभी. लांबून दोर ताणलेला दिसला आणि काका गरजले, "पाठ फिरवा सगळे! तिला बघू नका." आम्ही नदीकडे पाठ करून चहाच्या टपरीकडे बघत राहिलो. चहावाल्याने विचारलं, "की होलो, दादा?" काका म्हणाले, "ओदिके ताकाबेन ना," तिकडे बघू नका. तोही बिचारा किटली धरून भिंतीकडे वळला. मला हसू येत होतं आणि रडूही.

बऱ्याच वेळाने काकांनी हळूच विचारलं, "गेली का?"

कुणालाच सांगता येईना.