बंद केल्याची सही

मला तिचा हेवा वाटत होता, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं सगळं तांत्रिक वाटेल, आणि त्यात तांत्रिक फारच थोडं होतं.

ती उमरेडहून यायची. सकाळची एसटी पकडून, उन्हासाठी तोंडाला ओढणी गुंडाळून, साडेनऊला ऑफिसात हजर. मी राहते मनीषनगरात, स्कूटरवर पंचवीस मिनिटं, आणि मला रोज उशीर होतो. तिचं वय सव्वीस, माझं चव्वेचाळीस. ती आली आणि पंधरा दिवसांत सगळ्या ऑफिसला तिच्या डब्यातल्या जवसाच्या चटणीचं वेड लागलं. माझ्या डब्याकडे अठरा वर्षांत कुणी मान वळवून पाहिलं नव्हतं. चटणी तर मीही करते.

पण चटणीचं एक वेळ सोडून दिलं असतं. तिने माझा कंट्रोलर काढला.

कंट्रोलर म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. नेटवर्कच्या केबली ज्या डब्यांना जोडतात त्यांना स्विच म्हणतात. पूर्वी प्रत्येक स्विच आपापल्या अकलेने चालायचा. आता सगळ्यांची अक्कल काढून एका प्रोग्राममध्ये ठेवतात, तो कंट्रोलर. स्विचकडे अनोळखी पॅकेट, म्हणजे माहितीचं पुडकं, आलं की तो कंट्रोलरला विचारतो, याचं काय करू? कंट्रोलर सांगेल तसं करतो. आमच्या लॅबमधल्या स्विचना सहा वर्षं उत्तरं देणारा कंट्रोलर मी लिहिला होता, एकटीने. या उन्हाळ्यात सरांनी, म्हणजे आमच्या मॅनेजरांनी, तिला नवा लिहायला सांगितलं आणि बाईसाहेबांनी तो दीड महिन्यात लिहून दाखवला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वरून मी छान छान म्हणाले.

आमच्या ऑफिसात एक रीत आहे. जुनी सिस्टीम बंद करायची ती जिने बांधली तिनेच, स्वतःच्या हाताने. मग हिरव्या रजिस्टरात 'बंद केलं' असं लिहायचं आणि खाली सही. त्या सहीनंतर कुणी तपासायला जात नाही. सरांचं म्हणणं, आपलं काम दुसऱ्याने बंद केलेलं माणसाला लागतं, आणि त्यावर कुणी पुन्हा तपासणी केली तर आणखी लागतं. सही झाली की सगळ्यांसाठी तर्रीपोहे येतात.

मी सही केली, तर्रीपोहे खाल्ले, आणि कंट्रोलर बंद केला नाही.

तो माझ्याच टेबलाखालच्या मशीनवर चालायचा. कुणाला विचारायचं याची स्विचमध्ये जी यादी असते तिच्यातून त्याचा पत्ताही मी काढला नाही. फक्त त्याला हुकूम दिला, ऐक पण बोलू नकोस. स्विचचा प्रत्येक प्रश्न तो ऐकणार, आपण किती वेळात उत्तर दिलं असतं ते टिपून ठेवणार आणि गप्प बसणार. समोर मी तिच्या कंट्रोलरचा वेळ मांडणार. असा तक्ता तयार करून एक दिवस सरांच्या टेबलावर ठेवायचा, असा माझा बेत होता. तक्त्यात काय भरत होतं ते मी कुणाला सांगितलं नाही.

दोन आठवडे सुरळीत गेले. मग एका सोमवारी तिच्या कंट्रोलरकडे एकच प्रश्न पुन्हा पुन्हा यायला लागला. पॅकेट एक, विचारणा दोनदा, कधी चारदा. नेटवर्क रांगायला लागलं. शुक्रवारी गिऱ्हाईक कंपनीची माणसं बघायला येणार होती, आणि तिचं प्रोबेशनही त्याच आठवड्यात संपत होतं. सरांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की शुक्रवारपर्यंत हे निस्तरलं तर ती पर्मनंट, नाहीतर जुना कंट्रोलर परत लावायचा आणि तिचं प्रोबेशन सहा महिने पुढे. तिचं तोंड उतरलं. मला आनंद झाला. त्या दिवशी घरी जाताना मी स्वतःसाठी आइस्क्रीम घेतलं, इतका.

मंगळवारी तिने स्वतःचा प्रोग्राम ओळ न् ओळ वाचला. बुधवारी लॅबमधल्या केबली एकेक काढून लावून पाहिल्या, कुठे गोल फेरा पडून पॅकेट फिरतच राहिलं आहे का ते बघायला. जेवायलाही उठली नाही. तिचा डबा तसाच पडला होता आणि त्या चटणीकडे बघून मला बरं वाटत होतं. दुपारी ती माझ्याकडे आली. मदत मागायला आली असेल म्हणून मी खुर्चीत नीट सावरून बसले.

"ताई, हे पाहा ना. पहिल्या स्विचवरून प्रश्न एकदाच येते. दुसऱ्यावरून दोनदा. तिसऱ्यावरून चारदा. फेरा असता तर थांबलंच नसतं. हे तं मोजून दुप्पट होऊन राहिलं."

"तुझ्याच प्रोग्राममध्ये असंन वं कुठं," मी म्हटलं. "काहून दुसरीकडं शोधून राहिली?"

ती हो म्हणाली आणि परत वाचायला बसली. माझ्यावर तिचा विश्वास होता.

गुरुवारी दुपारी तीनच्या सुमारास लाइट गेली. उन्हाळ्यात आमच्याकडे हे चालतंच. सर्व्हरना बॅटरी आहे, माझ्या टेबलाखालचं मशीन मात्र कूलरच्याच बोर्डावर लावलेलं. पाच मिनिटांनी लाइट आली, कूलर घरघरला, आणि पायाशी गरम वारा लागला. मशीन आपोआप चालू झालं होतं. तसं करायला मीच लावून ठेवलं होतं. मग मला आठवलं, शनिवारी सुट्टी असताना या भागात लाइट गेल्याचं वॉचमन म्हणाला होता. आणि 'ऐक पण बोलू नकोस' हा हुकूम मी हाताने दिला होता, फाइलमध्ये लिहून ठेवला नव्हता.

मशीन बंद होऊन चालू झालं की तो हुकूम विसरणार. म्हणजे माझा कंट्रोलर शनिवारपासून बोलत होता. स्विच प्रश्न दोघांनाही विचारत होता, आणि दोघंही सांगत होते, पॅकेट सगळीकडे पाठव. घरात दोघींनी एकमेकींना न विचारता दूधवाल्याला फोन करावा तसं. पुढच्या स्विचकडे एकाच पॅकेटच्या दोन प्रती जात होत्या, त्याच्या पुढे चार. मोजून दुप्पट. ती चार दिवस स्वतःच्या प्रोग्राममध्ये घोडं कुठे पेंड खातंय ते शोधत होती आणि ते माझ्या पायाशी होतं.

मी वाकले आणि बटण दाबून मशीन बंद केलं. दहा मिनिटांत लॅबमधून तिचा आवाज आला, दुहेरी प्रश्न थांबले म्हणून. सगळे धावले. मीही गेले आणि तिची पाठ थोपटली. मनात म्हटलं, चला, ती वाचली, मीही वाचले, कुणाला काही कळायचं कारण नाही.

शुक्रवारी सकाळी सरांनी सगळ्यांना बोलावलं, तिचं कौतुक केलं आणि हिरवं रजिस्टर तिच्यापुढे सरकवलं. बिघाडाचं कारण लिही आणि सही कर, मग तुझा कागद मी वर पाठवतो. तिने पेन उचललं आणि खाली ठेवलं.

"सर, मी काहीच नाही केलं. ते आपोआप थांबलं. काहून थांबलं मले माहीत नाही. मग मी सही कशी करू?"

सर म्हणाले, मग हे निस्तरलं असं मी कसं म्हणू? तासाभरात माणसं येतील. जुना कंट्रोलर लावावा लागेल, आणि तुझं प्रोबेशन...

ती मान खाली घालून बसली होती, पण पेनाला हात लावत नव्हती. नुसतं 'प्रोग्राममधली चूक काढली' एवढं लिहिलं असतं तर सुटली असती. मी लिहिलं असतं. मी तर लिहिलंच होतं, त्याच रजिस्टरात, चार पानं मागे. आणि पश्चात्तापाने मी बोलले असं इथे लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं, पण तसं झालं नाही. ती प्रोग्राम चांगला लिहिते, तिची चटणी चांगली, आणि आता खरेपणातही ती माझ्या पुढे जाणार, हे मला बघवलं नाही. मी रजिस्टर माझ्याकडे ओढलं आणि सगळं सांगून टाकलं. मशीन, हुकूम, लाइट, सगळं.

सर माझ्याकडे न बघता खिडकीकडे बघत होते. मग ती म्हणाली, "यादीत तो पत्ता मले मंगळवारीच दिसला होता, ताई. पण रजिस्टरात तुमची सही होती."

ती पर्मनंट झाली. सरांनी मला नंतर खोलीत बोलावून जे सुनावलं ते इथे लिहीत नाही. गिऱ्हाईकाची माणसं खूश होऊन गेल्यावर ती माझ्या टेबलाशी आली आणि आम्ही दोघींनी मिळून माझा पत्ता एकेका स्विचमधून काढला. शेवटचा स्विच झाल्यावर तिने विचारलं, तक्त्यात काय आलं?

"तुझाच जोरात चालते," मी म्हटलं. "पहिल्या दिवसापासून."

"मग चालू काहून ठेवला?"

उद्या तरी माझा पुढे जाईल, असं रोज वाटायचं, एवढंच.

मी रजिस्टर उघडलं, जुन्या सहीखाली पुन्हा 'बंद केलं' लिहिलं आणि सही केली. रजिस्टर मिटून मी बाजूला ठेवलं. ती अजून तिथेच उभी होती. मग ती खाली वाकली आणि टेबलाखालचं मशीन गार आहे का ते तिने हात लावून पाहिलं.