मास्तरांची वायर

मास्तर जन्मभर बाजूच्या सीटवर बसले. गाडी शिकवायच्या शाळेत त्यांच्या पायाशी एक जादा ब्रेक असायचा. शिकणाऱ्याने घोळ घातला की दाबायचा. निम्म्या शहराला त्यांनी गाडी शिकवली. ती माणसं कुठल्या कुठे गेली. मास्तर मात्र तेच चार चौक आणि तोच एक चढ, घाण्याला जुंपल्यासारखे.

म्हणून त्यांनी ट्रेलर घेतला होता. गाडीमागे जोडून न्यायचं छोटं घर: एक पलंग, एक ओटा, एक बुटका फ्रिज. निवृत्त झालं की यातून जग बघायचं, असा बेत. तोवर तो थोरल्या भावाच्या मागच्या अंगणात उभा राहिला. पुढे पुतणे मोठे झाले, खोल्या पुरेनात, आणि लग्नाच्या भानगडीत न पडलेले मास्तर म्हणाले, "मी झोपतो की ट्रेलरमध्ये. महिना-दोन महिन्यांचा तर प्रश्न!" माणसाने बोलताना जरा विचार करावा. एका पुतण्याला मिशा फुटल्या, दुसऱ्याचं लग्न झालं, मास्तर अजून अंगणातच.

ट्रेलरला वीज यायची ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून, एका काळ्या वायरीने. तिचं बटण ओट्याजवळ, वहिनींच्या हाताशी. वहिनी वाईट नव्हत्या. पण घरातलं वायरिंग जुनं. फार काही एकदम लावलं की फ्यूज उडायचा, आणि बळी कोणाचा द्यायचा हे ठरलेलं. "भावजी, इस्त्री लावतेय हं!" अशी हाक आली की मास्तरांचा पंखा बंद. साठीला टेकलेल्या माणसाचा डोक्यावरचा पंखासुद्धा स्वतःचा नाही, हे त्यांना आतून खायचं. रागवायचं तरी कोणावर? जागा भावाची, वीज भावाची, आणि ट्रेलरमध्ये झोपतो असं म्हणाले तेही आपणच. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.

त्या बटणाचा आणखी एक उपयोग होता. आईचे गुडघे गेले होते. मागच्या पायऱ्या तिला उतरवत नव्हत्या, आवाजही पोचत नव्हता. संध्याकाळचा चहा झाला की ती ते बटण दोनदा खालीवर करायची. ट्रेलरमधला दिवा दोनदा मिचकायचा आणि मास्तर जाऊन खिडकीतून कप घ्यायचे. रोजचंच ते, त्याचं मास्तरांना काही वाटेनासं झालं होतं.

निवृत्त झाल्या झाल्या मास्तर जनरेटरच्या दुकानात गेले. घरी कोणाला पत्ता नाही. दुकानाची मालकीण खमकी होती.

"काय काय चालवायचंय?"

"दिवा, पंखा, मोबाइल. आणि फ्रिज."

"फ्रिज सुरू होताना भलताच जोर मागतो. मग गप्प."

"चढावर गाडी उचलताना लागतो तसा," मास्तर म्हणाले.

तिने स्वस्तातला सुरू करून दाखवला, तर दारातलं कुत्रं पळून गेलं. मोठा दाखवला, तो मास्तरांना जागचा हलेना. शेवटी मधला पसंत पडला: बंद पेटीतला, बेताच्या आवाजाचा, एका माणसाला उचलता येणारा. "हा बाहेर मोकळ्यावरच ठेवायचा. धूर आत गेला तर झोपेतून उठणार नाही," तिने दम भरला. मग म्हणाली, "नीट आठवा. सध्याच्या वायरीवर आणखी काही चालतं का?"

मास्तरांनी डोळे मिटून सगळा ट्रेलर आठवला. "नाही. एवढंच."

घरी आल्यावर त्यांनी जनरेटर पार अंगणाच्या टोकाला मांडला, घरची वायर उपटली आणि दोरी ओढली. दिवा लागला, पंखा फिरला. "अगंबाई, आता मी कोणाचा पंखा बंद करू?" वहिनी म्हणाल्या. भाऊही हसला, मास्तर सगळ्यांत जास्त. आई तेव्हा आतल्या खोलीत पडली होती. तिला सांगायचं कोणालाच सुचलं नाही. मास्तरांनी मनाशी ठरवलं, सकाळी गाडी जोडायची आणि निघायचं. घरात काय, निघताना सांगू. पाय पसरून ते आपल्या पंख्याकडे बघत पडले.

अंधारून आलं तेव्हा त्यांची नजर बाहेर गेली. समोर स्वयंपाकघरात आई उभी होती, एक हात बटणावर. खालीवर, खालीवर. मग डोळे बारीक करून ट्रेलरकडे बघायची. दिवा आपला जळतोय, ढिम्म. पुन्हा खालीवर. मास्तर ताडकन उठले. "आलो, आई!" ते ओरडले, पण जनरेटरच्या घरघरीत तिला कुठलं ऐकू जातंय. तेवढ्यात मागचं दार उघडलं. एका हातात कप, दुसऱ्या हाताने चौकट धरलेली, आणि तिने पहिल्या पायरीवर पाय टाकला.

मास्तर अनवाणी धावले. कप घेतला, तिला धरून आत वळवलं.

"दिवा हलेना," आई धापा टाकत म्हणाली. "म्हटलं, गेलास की काय न सांगता."

मास्तर म्हणाले, "बटण बिघडलं होतं गं. करतो आत्ता नीट."

त्यांनी जनरेटर बंद केला आणि काळी वायर परत खोचली. आईने खात्री करायला बटण दोनदा दाबलं. दिवा मिचकला. खिडकीत ती समाधानाने हसली.

मास्तर पलंगाच्या कडेला बसून गार झालेला चहा पिऊ लागले.

"भावजी, इस्त्री लावतेय हं!"

"लावा, वहिनी," ते म्हणाले, आणि दिवा जायच्या आत त्यांनी कप घट्ट धरला.